उन्हाळ्याचे ताट आणि तेलाचे माप

(उन्हाळी सुट्टीनिमित्त योजलेल्या एका कौटुंबिक व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



‘उन्हाळ्यातील कमी तेलाचा आहार’ हा विषय पत्रिकेत वाचून काही जणांच्या डोळ्यांसमोर उकडलेल्या भाज्या आणि अळणी सूप उभे राहिले असेल. काही गृहिणींनी मनात असेही म्हटले असेल की, आता ही बाई आमच्या फोडणीवर घसरणार! तेव्हा आरंभीच सांगते, फोडणी बंद करा असे मी सांगणार नाही. महाराष्ट्राच्या स्वयंपाकातून मोहरी-हिंगाचा वास काढून टाकला तर मागे काय उरेल, हे मलाही कळते. माझे म्हणणे एवढेच आहे की, आपल्या घरात तेल किती लागते, ते आपण मोजत नाही. साखर मोजतो, दूध मोजतो, सोने तर गुंजेत मोजतो. तेल मात्र बुधलीतून ओततो. ते मोजायला सुरुवात करण्यास चैत्र ते ज्येष्ठ हे तीन महिने सर्वांत सोयीचे आहेत, कारण या दिवसांचे आपले जुने ताट मुळातच कमी तेलाचे आहे.

चैत्रगौरीचे हळदीकुंकू आठवून पाहा. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर घरोघरी हा समारंभ चालतो. गौरीपुढे आरास मांडलेली असते. आलेल्या सवाष्णीला काय देतात? कैरीची वाटली डाळ, पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, कलिंगडाची किंवा काकडीची फोड. यांतला कोणता पदार्थ तळलेला आहे? हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटायची, तीत कैरीचा कीस, मीठ, चवीला साखर, मिरची आणि वरून फोडणी. अर्धा किलो डाळीला तीन-चार चहाचे चमचे तेल पुरते आणि तेवढ्यात दहा-बारा जणींना वाटीवाटीने देता येते. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला साधारण चमच्याचा तिसरा हिस्सा तेल येते. पन्ह्यात तर स्निग्धांश जवळजवळ नाहीच. डाळीतून प्रथिने मिळतात, कैरीतून ‘क’ जीवनसत्त्व, पन्ह्यातून पाणी आणि मीठ. एखाद्या आहारतज्ज्ञाने कागद-पेन्सिल घेऊन उन्हाळ्याच्या मेजवानीची यादी करायची ठरवली, तर तो याहून वेगळे फारसे काही लिहील असे मला वाटत नाही.

आणि आता आपल्या घरांत काय होते? हळदीकुंकू तेच, गौर तीच. बशीत मात्र समोसा, वेफर्स, एखादी पेस्ट्री आणि बाजूला शीतपेयाचा कागदी पेला. कैरीची डाळ ‘शास्त्रापुरती’ चमचाभर. श्रम वाचतात हे मान्य आहे. नोकरी करणाऱ्या भगिनीला डाळ वाटायला वेळ नसतो, हेही मान्य. पण ‘आपली पद्धत जपतो’ असे म्हणताना आपण आरास तेवढी जपली आणि बशी सोडून दिली, हेही लक्षात घ्यायला हवे.

‘लघु’ आणि ‘स्निग्ध’

येथे कुणी जाणकार वैद्यबुवा बसले असतील, तर ते मला अडवतील. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात ऋतुचर्या सांगितली आहे. तिथे ग्रीष्मातले अन्न मधुर, लघु, स्निग्ध, शीत आणि द्रव असावे, तर खारट, तिखट आणि आंबट रस टाळावेत, असे म्हटले आहे. मग स्निग्ध खा असे शास्त्र सांगत असताना तुम्ही तेल कमी करा असे कसे म्हणता?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्याच यादीत आहे. स्निग्धाच्या शेजारीच ‘लघु’ हा शब्द आहे. जे खायचे ते पचायला हलकेही असले पाहिजे आणि ओशटही अगदीच नसता कामा नये. मऊ भातावर अर्धा चमचा साजूक तूप, हे लघुही आहे आणि स्निग्धही. कढईतून काढलेला बटाटेवडा स्निग्ध आहे, पण त्याला लघु कोण म्हणेल? त्याच ऋतुचर्येत गार पाण्याने अंग ओले करून साखर घातलेला सातू खावा असा सल्ला आहे. सातू म्हणजे भाजलेल्या धान्याचे पीठ. आपल्याकडे गहू आणि डाळं यांचे सातूचे पीठ गूळ-दुधात कालवून खाण्याची चाल आता-आतापर्यंत होती. त्यात तळण नाही, चूल पेटवणेही नाही. दुपारच्या उन्हात स्वयंपाकघरात उभे राहावे लागत नाही, हा त्यातला आणखी एक फायदा. तो कोणत्याही ग्रंथात लिहिलेला नसला तरी आमच्या आज्यांना ठाऊक होता.

आधुनिक शरीरशास्त्रही फार वेगळे बोलत नाही. स्निग्ध पदार्थ जठरातून पुढे सरकायला सर्वांत जास्त वेळ घेतात. उन्हाळ्यात शरीर आपले तापमान सांभाळण्यासाठी त्वचेकडे अधिक रक्त पाठवीत असते, घाम गाळीत असते आणि भूक आपोआप मंदावते. अशा वेळी दुपारी दीड वाजता पुरी-भाजीचे जेवण झाले की संध्याकाळपर्यंत जडपणा जात नाही. शरीरच सांगत असते की आज थोडे आणि हलके दे. आपण ते ऐकत नाही, कारण सुट्टी असते आणि माहेरवाशीण आलेली असते.

पाच लिटरचा डबा

आता थोडे गणित. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी सुधारित आहार-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. दिवसाला २००० उष्मांक लागणाऱ्या माणसाच्या आदर्श ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम असावे, असे तीत दिले आहे. २७ ग्रॅम म्हणजे चहाचे सुमारे सहा सपाट चमचे. त्यात फोडणी, पोळीला लावलेले तेल, वरणावरचे तूप, ब्रेडवरचे लोणी सगळे आले.

चार प्रौढ माणसांचे घर घ्या. २७ गुणिले चार गुणिले तीस दिवस, म्हणजे ३२४० ग्रॅम. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१५ ग्रॅम भरते. घरात महिन्याला अर्धा किलो तूप लागत असेल, तर तेलासाठी उरले २७४० ग्रॅम, म्हणजेच तीन लिटर. मी ज्या ज्या घरी विचारते, तिथे उत्तर येते, “आम्हाला पाच लिटरचा डबा लागतो, कधी महिन्याच्या आधीच संपतो.” पाच लिटर तेल आणि अर्धा किलो तूप चार जणांत वाटले, तर माणशी रोज सुमारे ४२ ग्रॅम होतात. पंधरा ग्रॅम जास्त. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममधून नऊ उष्मांक मिळतात, पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांतून चार. म्हणजे रोजचे १३५ उष्मांक वरकड. साधारण अर्धा तास चालल्यावर जेवढे खर्च व्हावेत, तेवढे! सकाळी बागेत जाऊन चालून येणारे आमचे ज्येष्ठ बंधू ते चालणे घरी येऊन कांदेपोह्यांबरोबर परत मिळवतात. आणि यात बाहेरचे खाणे, फरसाण, बिस्किटे, लग्नाच्या पंगती धरलेल्याच नाहीत.

पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मधील ‘मन की बात’मध्ये लठ्ठपणाचा विषय काढून प्रत्येक घराने तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करावा असे आवाहन केले होते. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते आणि त्यात पामतेलाचा वाटा मोठा आहे, ही गोष्टही त्या निमित्ताने चर्चेत आली. पण आपले वरचे गणित पाहिले तर दहा टक्के म्हणजे पाच लिटरमागे अर्धा लिटर. ती केवळ सुरुवात झाली. तीन लिटरवर यायचे असेल तर पल्ला आणखी दूर आहे.

एक गोष्ट इथे स्पष्ट बोलली पाहिजे, कारण आपल्या मंडळींत तिच्याविषयी भाबडेपणा फार आहे. लाकडी घाण्याचे तेल, शेंगदाण्याचे, करडईचे, तिळाचे तेल. सगळी उत्तम आहेत, वापरावीत, आलटून-पालटून वापरावीत. पण घाण्याचे आहे म्हणून त्याचे उष्मांक कमी होत नाहीत. ग्रॅमला नऊ ते नऊच. ‘घरचे शुद्ध तूप आहे, कितीही खा’ या वाक्याने अनेक घरांत नुकसान केले आहे. तसेच बाटलीवर ‘कोलेस्टेरॉलविरहित’ असे ठळक छापलेले पाहून भुलू नका. कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल नसतेच. ते प्राणिज पदार्थांत असते. नसलेली वस्तू काढून टाकल्याची ही जाहिरात आहे.

झाकणावरचे पाणी

तेल कमी करायचे तर चव कशी राखायची? मला या प्रश्नावर सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण युद्ध इथेच हरले जाते. सासूबाई डॉक्टरांकडून आल्या, आठ दिवस उकडलेला दुधी झाला, नवव्या दिवशी सगळे घर वैतागले आणि डबा पुन्हा पाच लिटरचा झाला.

फोडणीत तेलाचे काम काय? हिंग, मोहरी, जिरे, मिरची यांतील सुगंधी द्रव्ये तेलात विरघळतात आणि तेल ती सगळ्या पदार्थात पसरवते. तेल हे वाहन आहे. वाहनात चार माणसे बसायची असतील तर बस कशाला हवी? मोठ्या कढईच्या तळाला चमचाभर तेल दिसेनासे होते, म्हणून आपण चार चमचे ओततो. त्याऐवजी फोडणीचे छोटे लोखंडी कढले घ्या. त्याच्या खोलगट तळात दीड चमचा तेलही मोहरी बुडण्याइतके साचते. मोहरी तडतडली, हिंग फुलला की शिजलेल्या आमटीवर ओता आणि ताबडतोब झाकण ठेवा. वास आत कोंडतो. चार जणांच्या आमटीला एवढे पुरते. आमटी करताना आधीच तेलात सगळे परतण्यापेक्षा अशी वरून दिलेली फोडणी जिभेला अधिक जाणवते, हे करून पाहिल्याशिवाय पटणार नाही.

दुसरी युक्ती तुम्हा सगळ्यांच्या आईला येत होती. कोरडी भाजी फोडणीला टाकली की कढईवर ताट ठेवायचे आणि त्या ताटात पाणी ओतायचे. आतली वाफ वरच्या गार ताटाला लागून थेंब होऊन पुन्हा भाजीत पडते. भाजी स्वतःच्या पाण्यात शिजते, खाली लागत नाही. लागू लागलीच तर ताटातले गरम झालेले पाणी चमचाभर आत सोडायचे. भाजी करपू नये म्हणून जे जादा तेल आपण घालतो, त्याची गरजच या ताटाने संपवली आहे. गवार, कोबी, भेंडी, तोंडली (भेंडीला मात्र पाणी सोडू नये, वाफेवरच होऊ द्यावी) अशा रोजच्या भाज्या दोन चमच्यांत होतात. चिकटण्याच्या भीतीने तेल घालणारा स्वयंपाक आणि चवीसाठी तेल घालणारा स्वयंपाक यांत हा फरक आहे.

घावन-आंबोळीसाठी बिडाचा तवा एकदा मुरला की त्याला तेल लागतच नाही म्हणा ना. अर्धा कांदा किंवा नारळाची शेंडी तेलात बुडवून तव्यावरून फिरवली की पुरे. कोथिंबीरवडी आणि अळूवडी उकडेपर्यंत निरागस असतात. पुढे आपण त्यांना तळतो. उकडलेल्या वड्यांवर तीळ-मोहरीची फोडणी टाकून खाऊन पाहा. पापड भाजा. उन्हाळ्यात आपण गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे घालतो ते पावसाळ्याच्या बेगमीसाठी, भाज्या मिळेनाशा होतात त्या दिवसांसाठी. हल्ली मात्र मे महिन्यातच, मुले सुट्टीत घरी आहेत म्हणून, निम्मे वाळवण कढईत जाते. कुरडई किती तेल पिते हे पाहायचे असेल तर तळणीपूर्वी आणि तळणीनंतर कढईतले तेल मोजा. पुरीचेही तसेच. एका मध्यम पुरीत चहाचा चमचाभर तेल सहज मुरते. पाच पुऱ्यांत दिवसभराचा जवळजवळ सगळा कोटा संपला. आमरस स्वतः निर्दोष आहे हो! त्याच्याबरोबर पातळ फुलके केले तर रस कमी गोड लागत नाही.

दिसणारे तेल मोजताना न दिसणारेही ध्यानात ठेवायला हवे. शेंगदाण्यात वजनाच्या चाळीस ते पन्नास टक्के तेल असते, सुक्या खोबऱ्यात त्याहूनही जास्त. ते वाईट नाही, त्याबरोबर प्रथिने आणि इतर सत्त्वे येतात. पण काकडीच्या कोशिंबिरीत मूठभर कूट, भाजीत मूठभर कूट आणि वर फोडणी सढळ, असे तिन्ही नकोत. कूट घातले त्या भाजीची फोडणी अर्धी करा. सोलकढी थंड असते म्हणून ती हलकी असते असे नाही. नारळाच्या दुधात स्निग्धांश भरपूर असतो. कोकमाचे सार किंवा ताक रोज, सोलकढी कधीमधी. दुधाचेही तसेच. पिशवीवर वाचा : फुल क्रीम दुधात सहा टक्के, टोन्डमध्ये तीन आणि डबल टोन्डमध्ये दीड टक्का स्निग्धांश असतो. आपल्याकडचे घुसळून लोणी काढलेले ताक म्हणजे याच युक्तीचा जुना अवतार. देशावर भाकरी, कांदा आणि ताक. कोकणात उकड्या तांदळाची पेज आणि मेतकूट. नाचणीच्या किंवा ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. ही सारी उन्हात राबणाऱ्या माणसांची न्याहारी होती आणि तिला कढई लागत नव्हती. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे त्यांनी ताकात मीठ बेताने घालावे, आणि मधुमेही मंडळींनी पन्ह्यातला गूळ.

पाहुणा आणि कढई

आता एक नाजूक विषय. आपल्या घरांत कार्यकर्त्यांचा राबता असतो. उन्हाळा तर प्रवासाचा, शिबिरांचा आणि वर्गांचा काळ. सकाळी एका घरी चहा-पोहे, दुपारी दुसऱ्या घरी जेवण, रात्री तिसऱ्या घरी. प्रत्येक गृहिणी प्रेमाने काहीतरी ‘विशेष’ करते आणि विशेष म्हणजे तळलेले, असे समीकरण आपण करून ठेवले आहे. तिच्या घरी पाहुणा महिन्यातून एकदा येतो. पाहुण्याला मात्र हे विशेष रोज दोनदा मिळते. वर्षानुवर्षे. भिडेपोटी तो ‘नको’ म्हणत नाही. भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांच्या तुलनेत साधारण पाच-सहा वर्षे आधी गाठतो, हे वैद्यकीय पाहणीतून पुढे आले आहे. पन्नाशीच्या आत छातीत कळ येऊन गेलेला माणूस आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत आहे. त्यात धावपळ, अपुरी झोप, तंबाखू, अनुवंश अशी अनेक कारणे असतात. सगळे खापर पुरीवर फोडणे योग्य नाही. पण आपल्या हातातले कारण आपण सोडवू शकतो. घरी आलेल्याला मऊ भात, मेतकूट, कैरीची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि ताक वाढले तर आतिथ्यात उणे काय राहिले?

तळायचेच झाले, सणवार आला, तर थोड्या तेलात तळा आणि ते तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. वारंवार तापवलेल्या तेलात अपायकारक संयुगे साठत जातात. म्हणूनच तळणीच्या तेलातील अशा संयुगांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरू नये, असा नियम उपाहारगृहांसाठी १ जुलै २०१८ पासून लागू झाला. घराच्या कढईवर कोणता निरीक्षक येणार? उन्हाळ्याच्या तापमानात तेल, कूट, फरसाण लवकर खवट होते, हेही लक्षात ठेवा. वर्षाचे तेल एकदम भरून ठेवण्यापेक्षा महिन्याचे आणा आणि उजेडापासून दूर ठेवा.

उत्साहाच्या भरात दुसरे टोकही गाठू नका. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे शरीरात शोषली जायला थोडा स्निग्धांश लागतोच. दोन-अडीच वर्षांच्या आतील बाळांच्या भातावरचे तूप कमी करू नये. त्यांच्या मेंदूची वाढ चालू असते. अशक्त वृद्ध, गरोदर किंवा अंगावर पाजणारी स्त्री यांच्या ताटाचा निर्णय त्यांच्या वैद्यांना विचारून घ्या. शिवाय ‘लो फॅट’ लिहिलेल्या पुड्यांपासून सावध राहा. पाश्चात्त्य देशांत स्निग्धांश काढलेल्या तयार पदार्थांची एके काळी लाट आली. चव राखण्यासाठी त्यांत साखर आणि पिष्ट घातले गेले आणि वजने काही उतरली नाहीत. शीतपेयात तर स्निग्धांश शून्यच असतो. पण तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत साखर मात्र साधारण तीस ग्रॅम, म्हणजे सहा चमचे.

शेवटी करायचे काय, ते सांगते. येत्या एक तारखेला तीन लिटर तेल मोजून एका वेगळ्या बरणीत काढा आणि बरणीवर तारीख लिहा. तेलात ओतण्याऐवजी चमचा वापरा. तो चमचा बरणीपाशीच ठेवा. पंधरा दिवसांनी बरणी निम्मी आहे का, ते घरातल्या पुरुषमंडळींनी पाहावे. हे काम गृहिणीवर सोडून आपण भज्यांची फर्माईश करायची, हे चालणार नाही. तीन लिटर पहिल्याच महिन्यात जमले नाही तर चार लिटरवर थांबा, आषाढापर्यंत वेळ आहे.

प्रश्न असतील तर ते अवश्य विचारा, पण बाहेरच्या दालनात. तिथे पन्हे आणि कैरीची डाळ ठेवली आहे. फोडणीचे तेल मी मोजून घातले आहे. किती, ते आधी खाऊन ओळखा.